खामगावचा बंपर आणि मिस्त्रीचा नेम

हेऽऽऽ… हय्या! हेऽऽऽ… हय्या!

आधी एकाने लांब हेल काढायचा, मग बाकीच्यांनी तो एकदम तोडायचा, आणि त्या तोडण्यासरशी दोरखंड करकरायचा. कितीतरी वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा सरकारी दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर होतो, नवाकोरा. डॉक्टर आणि औषधाच्या पेट्या घेऊन सातपुड्यातल्या वस्त्यांवर जायचं, नाल्यात फसायचं, आणि वस्तीच्या माणसांनी दोर लावून आम्हाला बाहेर काढायचं, हा ठरलेला कार्यक्रम. शाळेत आमचे गुरुजी टेबलावर पट्टी आपटून कवितेची चाल धरत, अगदी तोच ठेका. मी स्टिअरिंग धरून बसायचो आणि मनात चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणायचो. कडवं संपायच्या आत जीप काठावर.

आता दोर ओढणारे हात कुठून आणायचे? वस्तीतली तरणी माणसं कामाला बाहेर गेली. मी सत्तरी ओलांडली. पण जीप आहे. दवाखान्याची नव्हे, तशीच दुसरी, लिलावात घेतलेली, बुलढाण्यात माझ्या अंगणात उभी असते.

ही जीपच पणाला लागली होती म्हणून हा प्रवास घडला. मागच्या हिवाळ्यात एका मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो आणि ओढ्यात रुतलो. ट्रॅक्टर बोलवावा लागला. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि ते पुण्याला आमच्या विजयपर्यंत, म्हणजे मुलापर्यंत, पोचलं. त्याने फोनवर आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, पुन्हा कोणाला मदतीला बोलवायची वेळ आली तर जीप विकायची. कबूल?" शेजारी आमची सुमन, म्हणजे बायको, उभी होती. तिनेही मान डोलावली. मी शब्द देऊन बसलो.

शब्द दिल्यावर मला सुचलं की जीपलाच स्वतःचा दोर असला तर कोणाला बोलवायला नको. विंच म्हणतात त्याला. बॅटरीवर फिरणारा रहाट, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर, टोकाला आकडा. आकडा झाडाला अडकवा, बटण दाबा, जीप स्वतःला ओढून घेते. पण तो बसवायला पुढचा बंपर तसाच दणकट लागतो, आणि माझ्या जीपच्या वयाचा तयार बंपर कुठे मिळत नाही. बांधूनच घ्यावा लागतो, आणि तो लागला की जीप एकदा सातपुड्यातल्या जुन्या वस्तीवर न्यायची, असं मी ठरवलं.

"खामगावला रमेश मिस्त्री हाये," आमचे गवई म्हणाले. गवई म्हणजे माझ्याच दवाखान्याचे निवृत्त कंपाउंडर, जन्मभर माझ्या शेजारच्या सीटवर बसलेले. "त्याच्यासारखं वेल्डिंग कोनी नाही करत, बापू. मी फोन करून ठेवतो."

एरवी चहाच्या कपासाठीही उठायला कंटाळणारा हा माणूस एवढा तत्पर कसा झाला? शंकेची पहिली पाल चुकचुकली ती इथे.

बोथ्याच्या घाटातून खामगाव

सकाळी ऊन कोवळं असतानाच निघालो. बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या घाटाने जा. रस्ता अभयारण्यातून आहे, सागाची पानं दोन्हीकडून वाकलेली. मात्र अंधार पडल्यावर या रस्त्याच्या भरवशावर राहू नका, आणि वळणांवर हॉर्न वाजवत बसू नका, जंगल आहे. मध्ये हॉटेलही नाही. आम्ही सुमनने दिलेली भाकरी, ठेचा आणि कोरडी वांग्याची भाजी एका फरशीच्या पुलावर बसून खाल्ली. समोर मोर होता. मला लगेच तिसरीतली मोराची कविता आठवली आणि मी ती चालीवर म्हणायला लागलो.

"कविराज, मोर पळाला," गवई म्हणाले. "जेवा आता."

खामगाव म्हणजे कापसाचं जुनं गाव. जिनिंगच्या आवारांवरून अजून पांढरे तंतू उडतात आणि तेलाच्या घाण्यांचा वास थेट बाजारापर्यंत येतो. रमेश मिस्त्रीचं दुकान बायपासच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. माणूस चाळिशीचा, दाढी आठवड्याची, काळा चष्मा कपाळावर ढकललेला. जीपभोवती तो एक फेरी मारून आला, खाली सरपटत गेला, चेसिसला हातोडीने ठोकून बघितलं आणि उठता उठता विचारलं,

"काका, एकटेच जाता का डोंगरात?"

"गवई असतात."

"तथी रस्त्यात गाड्या फसते का लोकांच्या? म्हंजे तुमची सोडून?"

आता बंपर बांधणाऱ्याला या चौकशा कशाला? मी म्हटलं, "फसतात. काऊन?"

"नाही, असंच." आणि त्याने गवईंकडे पाहिलं. गवईंनी दुसरीकडे.

बांधून घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. अशा लोखंडाला रस्त्यावर कायद्याची अडचण येते, म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या. आम्ही नंबरप्लेट आणि दिवे झाकू दिले नाहीत, आणि कोपरे बाहेर काढू दिले नाहीत. विंच ज्या पत्र्यावर बसतो तो पातळ असेल तर सगळं व्यर्थ. तो पत्रा थेट चेसिसला बोल्टने धरलेला पाहिजे, नुसतं वेल्डिंग चालत नाही. मी घरून जाडी मोजायचं साधन घेऊनच गेलो होतो. मिस्त्री दुसरीकडे वळला की पत्रा मोजायचो. जाडी बरोबर निघायची. मग माझा संशय वाढायचा की हा तुकडा दाखवायचा वेगळा आणि लावायचा वेगळा तर नाही? म्हणून पत्र्याच्या मागच्या बाजूला मी खडूने बारीकशी खूण केली.

संध्याकाळी तोच पत्रा, खुणेसकट, जीपला लागलेला दिसला. मिस्त्री म्हणाला, "काका, खूण पुसू का ठेवू?"

गवई इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जीप कुठे गेली?

मुक्काम बसस्टँडजवळच्या लॉजवर. स्वस्त आणि स्वच्छ आहे, फक्त मागच्या बाजूची खोली मागा, नाहीतर पहाटे पहिल्या गाडीचा कंडक्टर तुम्हालाच उठवतो. जेवायला पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी जरूर खा, पण तिखट सोसत असेल तरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून दुकानावर आलो तर जीप जागेवर नव्हती. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री घेऊन गेला ना." कुठे? त्याने हात हवेत फिरवला. मी शेडच्या सावलीत बसून राहिलो, आणि खरं सांगतो, त्या वेळी एकही कविता आठवेना. ऊन उतरायला लागलं तेव्हा जीप आली. पुढे नवा बंपर, त्यात विंच, आकडा चकचकीत, आणि चारही चाकांना शेतातला काळा चिखल.

"ट्रायल," मिस्त्री म्हणाला.

"कुठी?"

"अशीच. जलंबकडं."

"मग द्या किल्ली."

"आज नाही देता येत, काका. उद्या पाहू."

"काम झालं ना?"

"काम झालं. गाडी तयार हाये. पन…" आणि तो दुसऱ्या कामाकडे वळला.

पैसे मी आधीच दिले होते. नव्या स्कूटरच्या निम्म्या किमतीत सगळं झालं, हिशेब चोख. म्हणजे अडकवून ठेवायला तेही कारण नव्हतं. मी चहा आणायला निघाल्यासारखं केलं आणि शेडच्या मागे थबकलो. मिस्त्री फोनवर बोलत होता.

"आज नाही भेटलं. पाहून आलो सगळीकडं… हाव. म्हाताऱ्याले काही सांगितलं नाही मी."

माझ्या पायाखालचा रस्ता सरकला. म्हाताऱ्याला काय सांगितलं नाही? काय भेटलं नाही? जीपला गिऱ्हाईक! विजयने यांना कामाला लावलं असणार. बंपर लावून जीप सजवायची, भाव वाढवायचा आणि परस्पर विकायची. म्हणूनच गवई एवढे तत्पर.

रात्रीच्या जेवणात मी गवईंना सरळ विचारलं, "विजयचा फोन येतो का तुम्हाले?"

गवईंचा घास तोंडाशी थांबला. "येतो कधी कधी. तुमची तब्येत विचारतो."

"तब्येत मले विचारत नाही?"

"तुमाले विचारलं तर तुम्ही कविता म्हणता, बापू."

मिस्त्री मागच्या सीटवर

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, किल्ली घेतल्याशिवाय उठत नाही. मिस्त्रीने आधी विनवणी केली, मग डोकं खाजवलं, आणि शेवटी किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाला,

"ठीक हाये. मंग मी बी येतो."

"कुठे?"

"तुमच्यासंगं. डोंगरात."

कापसाच्या हंगामात ट्रॉल्यांची वेल्डिंगं तुंबलेली, आणि हा दुकानाचं शटर ओढून, फुकट, माझ्यासोबत सातपुड्यात यायला निघाला! तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मी गवईंना पुढे बसवलं आणि आरसा असा वळवला की मागच्या सीटवरचा मिस्त्री पूर्ण दिसावा.

खामगावहून नांदुरा आणि तिथून पूर्णेचा पूल ओलांडून जळगाव जामोद. हा सगळा पट्टा काळ्या, चिकट मातीचा, पाण्याला खारट चव. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया डोक्याला रुमाल बांधून ओळीत. उत्तरेला आधी धूसर रेघ दिसते आणि मग हळूहळू तिचा डोंगर होतो. मी तेवढ्यातही हरवलो. दुसरीच्या वर्गात भिंतीवर खडूने काढलेला डोंगर असाच निळा होता आणि गुरुजी म्हणायचे, लांबचं सगळं निळं असतं.

जळगाव जामोदला बसस्टँडसमोर कचोरी खाल्ली, गरम होती, मधली डाळ थोडी खारट. डिझेल इथेच भरून घ्या, वर काही मिळत नाही. मी डिझेल भरून येतो तो काय, मिस्त्री पिकअपवाल्यांच्या घोळक्यात उभा. त्यांना काही विचारतोय, हाताने माझी जीप दाखवतोय. त्यातले दोघे आले, बंपरवर बुक्की मारून पाहिली, आकडा हलवला, माना हलवल्या आणि गेले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. मजबूत हाये म्हने."

"किती देतो म्हणाले?"

"कायचे देतो?" मिस्त्रीने असं काही तोंड केलं की एक तर तो निरागस असावा, नाहीतर नाटक मंडळीत वाया गेलेला.

नाला

वर जाण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर विचारून, नाव सांगून जा. ज्या वस्तीवर आम्ही गेलो तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे गर्दी नको. डांबरी संपली की दगडगोट्यांचा रस्ता, मग नुसती चाकोरी, आणि मग तोच नाला. पावसाळा कधीच सरला होता, पाणी घोट्याएवढं होतं, पण मधोमध गाळ. मी दुसऱ्या गिअरवर घातली. अर्ध्यात पोचलो आणि मागचं डावं चाक जागेवरच गरगरायला लागलं. जीप हळूच, एखादी म्हैस बसावी तशी, खाली बसली.

इंजिन बंद केल्यावर फक्त पाण्याचा आवाज. मला भीती वाटायला हवी होती, पण आनंदच झाला. यासाठीच तर सगळा खटाटोप! मी बूट काढले, पँट दुमडली, आकडा सोडवायला पुढे गेलो, तर मिस्त्री माझ्या आधी पाण्यात उतरलेला आणि आकड्यावर हात ठेवून उभा.

"काका, हात नका लावू."

"का?"

"फावडं हाये मागं. आपन गाळ काढू. दगड टाकू. निघते गाडी."

"अरे, मग हा विंच कशाला बसवला? पूजेला?"

"काका, ऐका ना…"

आता माझा संयम सुटला. मी भर नाल्यात ओरडलो. पत्रा खोटा आहे, बोल्ट खोटे आहेत, दोर तुटणार हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू मागे आलास. मी कोणाला तरी मदतीला बोलवावं, जीप विकावी लागावी, हेच तुमच्या सगळ्यांचं ठरलंय. विजयने किती दिले तुला?

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. "कोन विजय?"

मग तो जीपमधल्या गवईंना म्हणाला, "सांगून टाकू का, साहेब? आता काय राह्यलं?"

"सांग बावा," गवई म्हणाले. "नाही तर हा मानूस इथंच कोर्ट भरवते."

मिस्त्रीने सांगितलं ते असं. त्याच्या दुकानाचा एक नेम आहे, त्याच्या चुलत्यापासून चालत आलेला. चुलत्याकडूनच तो काम शिकला. नव्या विंचची पहिली ओढ दुसऱ्याच्या गाडीची. स्वतःची गाडी आधी ओढायची नाही. आणि ती दुसऱ्याची गाडी खरोखर फसलेली असली पाहिजे, मुद्दाम फसवून चालत नाही. त्यातही जीपच्या मालकाला आधी सांगायचं नाही. सांगितलं की मालक कोणाला तरी पैसे देऊन गाडी चिखलात घालायला लावतो, तसं पूर्वी झालंय. म्हणून मिस्त्री दुपारभर जलंबच्या शेतरस्त्यांनी फसलेली गाडी शोधत हिंडला. म्हणून चुलत्याला फोन, की आज नाही भेटलं. म्हणून पिकअपवाल्यांपाशी चौकशी. आणि गवईंना हे पहिल्यापासून माहीत होतं. त्यांच्या भाच्याचा विंच इथेच झाला होता.

"अन् पहिली ओढ आपलीच केली तर?" मी विचारलं.

"मले माहीत नाही," मिस्त्री म्हणाला. "कोनी करूनच नाही पाह्यली."

मी त्याच्या डोळ्यांत खोटं शोधलं. काळा चष्मा कपाळावर होता, डोळ्यांत गाळाचे शिंतोडे आणि लाज. विंचच्या बटणाचा डबा माझ्या हातात होता. दाबलं असतं तर कदाचित घटकाभरात काठावर असतो. न दाबता फावडं घेतलं आणि तरी निघालो नाही, तर माणसं बोलवावी लागणार, आणि जीप गेली. असल्या नेमांवर माझा विश्वास आहे का? नाही. पण या माणसाने दोन दिवस दुकानाचा खोळंबा केला होता, एका अनोळखी म्हाताऱ्याचा विंच शकुनाने सुरू व्हावा म्हणून. की हीसुद्धा बनवाबनवी? मी आलटून पालटून त्या दोघांकडे पाहिलं.

"फावडं आण," मी म्हणालो.

दोन म्हातारे आणि एक मिस्त्री. गाळ उपसला की पाणी नवा गाळ आणायचं. गवईंनी कंबर धरून दगड वेचले, मी चाकाखाली सागाच्या फांद्या घातल्या, मिस्त्री उपसत राहिला. तीनदा जीप पुढे आली आणि तीनदा मागे बसली. दुपार कलली. शेवटी मिस्त्री मागून खांद्याने रेटत होता, गवई हाताने, आणि मी पहिल्या गिअरवर श्वास रोखून. जीप थरथरली, दगडावर चढली, आणि काठावर आली. मागे वळून पाहिलं तर गवई नाल्यात बसलेले, छातीपर्यंत ओले, हात वर करून टाळ्या वाजवताहेत.

कोणालाही बोलावलं नाही. माझा शब्द शाबूत.

पहिली ओढ

वस्तीच्या अलीकडच्या चढावर एक पिकअप आडवी उभी होती. मक्याची पोती भरलेली, मागची दोन्ही चाकं रस्त्याकडेच्या खचलेल्या मातीत. ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळत होता. सकाळपासून बसलो आहे, म्हणाला, अर्धी पोती उतरवली तरी निघत नाही.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीकडे. खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या मनात आलं की ही गाडी याने पेरून तर ठेवली नाही?

मी खाली उतरून पिकअपची चाकं पाहिली. चिखल वाळून भेगाळला होता. ड्रायव्हरला विचारलं, "याला ओळखता?"

"कोन हाये हा?" ड्रायव्हर म्हणाला. "अन् तुमी कोन? पोलिस का?"

मग कामाला लागलो. जीप कडेकडेने पुढे काढून वरच्या कठीण जमिनीवर लावली, चाकांपुढे दगड. तारेवर मध्यभागी ओलं पोतं टाकलं. तार तुटली तर ती चाबकासारखी येते, पोत्याने तिचा जोर मरतो, हे विसरू नका. सगळ्यांना लांब उभं केलं. मिस्त्रीने पिशवीतून नारळ काढून दगडावर फोडला. कुठून, केव्हा घेतला होता, देव जाणे. आकडा पिकअपला लागला. बटण मी दाबलं.

विंच गुणगुणायला लागला. तार ताठ झाली, एकेक वेढा रहाटावर बसत गेला, लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू, चक्क भुजंगप्रयात! मी मोठ्याने म्हणायलाच लागलो, जे आठवेल ते. पिकअप कण्हली, एक चाक सुटलं, मग दुसरं. बंपर केसभरही हलला नाही. वस्तीतून बाया आणि म्हातारी माणसं बघायला आली होती. एक आजोबा जवळ आले, आकड्याला बोट लावून म्हणाले, "एवढंसं?"

मिस्त्री बाजूला जाऊन चुलत्याशी फोनवर ओरडत होता, "काका, भेटलं! हाव, खरंखुरं फसलेलं!"

रात्री आम्ही वस्तीतच राहिलो. मक्याची भाकरी, उडदाची दाटसर डाळ, वर तारे. मिस्त्री आडवा होताच घोरायला लागला. कारस्थान करणारी माणसं अशी झोपत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं.

परत

सकाळी मिस्त्रीला नांदुऱ्याला खामगावच्या बसमध्ये बसवलं आणि आम्ही मोताळ्याकडे वळलो. वाटेत वेळ असेल तर रोहिणखेडला थांबा, जुनी दगडी मशीद आहे. आत गारवा आहे, आणि आवाज केला तर तो कमानींतून फिरून परत येतो. तिथल्या पायरीवर बसून गवईंनी कबुली दिली की विजयला ते रोज संध्याकाळी एक ओळ पाठवत होते. 'पोचलो, बरे आहेत' एवढंच. नाल्याचं तेवढं सविस्तर कळवलं होतं.

"म्हंजे हेरगिरीच," मी म्हणालो.

"बापू, पोरगं आहे तुमचं. त्याले झोप नाही लागत."

राजूरचा घाट चढून दुपारी घरी. काय उरलं या प्रवासातून? अंगदुखी, निळा डोंगर, पातोडीची चव आणि एक चोख काम केलेला बंपर. आणि एक बोच. मी ज्याच्या पत्र्यावर खुणा केल्या, ज्याच्यावर भर नाल्यात ओरडलो, त्याने पूर्ण वाटेत एकदाही उलट शब्द काढला नाही. माझ्या वयात माणसाची पारख पक्की व्हायला हवी. माझा संशयच तेवढा पक्का झालेला दिसतो.

जीपचं मात्र मिटलं नव्हतं. विजयचा फोन आला. "कोणाला बोलावलं नाहीत, मान्य. पण गवई काका छातीपर्यंत भिजून दगड उचलत होते ना? बाबा, हे चालणार नाही. रविवारी एक जण जीप पाहायला येईल. फक्त पाहू द्या."

मी सुमनकडे पाहिलं. तिने मळके कपडे बादलीत घातले, एका शब्दाने बोलली नाही. तिचं मौन म्हणजे होकार की नकार, हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दारावर थाप पडली. उघडलं तर एक परका गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, आणि एक पाय बुटासकट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"काका, अंगणातली जीप तुमची ना?"

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

"विजयरावांनी. म्हणजे मी रविवारी येणार होतो पाहायला, पण इकडं काम निघालं, म्हणून आजच…" तो अडखळला. "पण त्याआधी एक अडचण झाली. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनचा चर आहे ना? भरलेला दिसला म्हणून गाडी घातली. पुढची दोन्ही चाकं आत गेली. पोटावर बसली आहे गाडी."

माझा विश्वास बसेना. मी चप्पल न घालता फाटकापर्यंत गेलो आणि वाकून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी खरोखरच एक पांढरी गाडी नाक खुपसून बसली होती, मागचे दिवे लुकलुकत. ही यांची नवीच काही युक्ती? विंच बघायची? मी परत आलो आणि त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळत उभा राहिलो.

सुमन आतून हात पुसत आली. तिने त्याचा बूट पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. खुंटीवरची किल्ली काढून तिने माझ्या हातात दिली आणि पदर खोचला.

"जीप पाहाची हाये ना तुमाले?" ती त्या गृहस्थाला म्हणाली. "मंग बसा मागं."

आणि अंगणात उतरून ती स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसली.